गाडग्यातून नेलेले कोळी

माझं माहेर वडगाव रासाईचं, भीमेच्या काठावरचं. नदीकाठची मुलगी म्हणून सासरच्यांना वाटलं, हिला पाण्याची आणि पाण्यातल्या जिवाजंतूंची भीती नसणार. तशी नव्हतीच. खेकडे मी हाताने धरायची. पाण्यातला साप दिसला तर दोन पावलं बाजूला व्हायची आणि त्याला जाऊ द्यायची. फक्त कोळी नको. कोळी दिसला की अंगावर काटा यायचा, आणि आलेला काटा अर्धा दिवस जायचा नाही. आता नशीब बघा. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर खुटबावला माझं लग्न झालं, आणि ज्या घरात झालं त्या घराच्या परसात दोन खणांएवढं तळं होतं, आणि तळ्याच्या काठाला पाय पसरले की बशीएवढे होतील असे कोळी होते.

त्याला तळं म्हणणारे एकटे माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणायची. सासूबाईंना आत्या. आत्या तळ्याला खड्डा म्हणायच्या. "खड्ड्याकडं गेल्यात" असं त्या कुणालाही सांगायच्या, आणि मामा परसातून ओरडायचे, "तळं म्हन, तळं!" हे रोजचं होतं. माझा नवरा पिंपरीला कारखान्यात होता. शनिवारच्या गाडीने यायचा आणि रविवारी परत जायचा. म्हणजे घरात आम्ही तिघंच, आणि कोळी.

मामांनी सगळी हयात रेल्वेत रुळांवर काढली होती. गँगमन होते. दौंडला असताना त्यांना मधूनमधून एका साहेबाच्या बंगल्यावर हौद उपसायला पाठवायचे. त्या हौदात कमळं होती. मामा हौद उपसायचे, शेवाळ काढायचे, पुन्हा भरायचे. फुलं मात्र बाईसाहेबांच्या टेबलावर जायची. फुलाला हात लावायची परवानगी नव्हती. नोकरी संपली तेव्हा बंगल्यावरच्या माळ्याने कमळाचा एक कांदा ओल्या फडक्यात बांधून मामांच्या हातात दिला. तो घेऊन ते गावाकडे आले, आणि आमच्या परसातल्या ओलसर जागेत खोदायला लागले.

ती जागा ओलसर होती ती कालव्याच्या चारीमुळे. चारी वरच्या अंगाला, शेजारच्या आप्पांच्या शेताच्या डोक्यावरून जायची. कालव्याची पाळी सुटली की तिचा पाझर आप्पांच्या बांधाखालून आमच्या परसात उतरायचा. मामांनी खोदलं, काठाला दगड लावले, आणि पाणी साठलं. लहानपणी ह्या माणसाला गावच्या आडावर पाणी हाताने घेता येत नव्हतं. कुणीतरी वरून ओतायचं आणि खाली ओंजळ धरायची, तेही ओतणाऱ्याची मर्जी असली तर. त्यामुळे स्वतःच्या परसात, स्वतः खोदलेल्या जागेत साठलेलं पाणी म्हणजे त्यांना काय वाटत असेल, ते मला लग्नानंतर पुष्कळ दिवसांनी कळलं. तोवर मीही त्याला मनातल्या मनात खड्डाच म्हणत होते.

त्यांच्या मनात एकच होतं. वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला सगळी वस्ती समाजमंदिराच्या खोलीत जमायची. वंदना सांगायचे ते मामाच. त्या दिवशी मूर्तीपुढे आपल्या तळ्यातलं कमळ ठेवायचं. एकदा तरी. "येकदा ठिवलं की मी मोकळा," असं म्हणायचे. छातीत दमा होता, बोलताना मध्ये थांबावं लागायचं, आणि दर हिवाळ्यात तो दमा थोडा पुढे सरकायचा. कमळाला मात्र घाई नव्हती. दोन उन्हाळे नुसती पानं आली. गोल, मोठी, पाण्यावर पसरलेली. फूल नाही.

आता कोळ्यांचं सांगते. ते जाळं विणणारे कोळी नव्हते. राखी-तपकिरी, लांब पायांचे. पुढचे दोन पाय पाण्यावर टेकवून काठाच्या दगडावर तासन् तास बसायचे. "पान्याची नाडी बघतंय," असं मामा म्हणायचे. पाण्यात काही हललं की पाण्यावरूनच पळत जायचे. मलेरियावाल्यांनी डासांसाठी तळ्यात गप्पी मासे सोडले होते. त्यातला एखादा धरून कोळी कमळाच्या पानावर ओढून आणायचा आणि निवांत खात बसायचा. उन्हाळ्यात आजूबाजूचं सगळं वाळून जायचं आणि ओल एवढीच राहायची, म्हणून कुठकुठले कोळी आमच्याकडे यायचे. पहाटे भांडी घासायला बसावं तर घंगाळाखालून एक निघायचा. धुण्याच्या दगडाखाली दोन. मी किंचाळायची, आत्या चप्पल घेऊन धावायच्या, आणि मामा आडवे यायचे.

"मारायचा न्हाई."

"मग काय पुजायचा?" आत्या म्हणायच्या.

"शील काय नुसतं पुनवेला म्हनायला घेतलंय व्हय? पहिलंच शील हाय. जीव घ्यायचा न्हाई."

आत्या चप्पल खाली टाकून आत जायच्या. जाताना पुटपुटायच्या, "वाचवा. उद्या तुमचं कमाळ बी तेच खात्याल."

पण नुसतं न मारून भागत नव्हतं. वस्तीतल्या बायका आमच्या तळ्यावर धुणं धुवायला यायच्या, पोरं पाय बुडवून बसायची, आणि मामांना ते फार आवडायचं. एकदा एका पोरीच्या पाठीवर पाण्याचे फोड आले. लगेच बोभाटा झाला, कोळी मुतला. आमच्याकडे ही समजूत पक्की. कोळी अंगावरून गेला आणि मुतला की फोड उठतात, मग फोडांवर काव, म्हणजे गेरू, लावायची. मामा घरोघर सांगत फिरले, "आरं, घामाचं फोड हायेत ते. कोळी काय करतंय?" पण बायका हळूहळू यायच्या बंद झाल्या. माणसं ज्या पाण्याजवळ येत नाहीत असं पाणी मामांना नको होतं. तसलं पाणी त्यांनी लहानपणी दुसऱ्या बाजूने पुष्कळ बघितलं होतं.

म्हणून त्यांनी तोड काढली. मोठ्या तोंडाचं एक गाडगं आणि फुटक्या सुपाचा एक तुकडा. कोळ्यावर गाडगं पालथं घालायचं, खालून सुपाचा तुकडा सरकवायचा, वर फडकं बांधायचं, आणि परसाच्या टोकाला बांधावर घायपाताची रांग होती तिच्यात नेऊन सोडायचं. तिथं सावली होती, ओल होती. "जित्राबाला जागा बरी पायजे," असं त्यांचं म्हणणं. पहिलं वर्षभर ते स्वतः नेत होते. मग वाकलं की दम लागायला लागला, आणि गाडगं माझ्या हातात आलं.

मी तोंडाची फटकळ. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मामा, मी शेण काढीन, सरपण आणीन, हे होणार नाही." त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. मग मीच नेतो." आणि वाकले, आणि खोकत खाली बसले. मग काय करणार? मी उचललं. गाडग्यात कोळी फिरायचा तेव्हा आतून पायांचा बारीक आवाज यायचा. घायपाताशी पोचले की डोळे मिटून फडकं सोडायची आणि पळत सुटायची. मामा दगडावर बसून हसायचे. "येकांदा तुझ्या पदराला धरून माघारी यील बघ." रोज सकाळी हेच. उद्या पुन्हा तेवढेच. रोज मरे त्याला कोण रडे म्हणतात, तसं माझं कोळ्यांच्या बाबतीत झालं. भीती गेली नाही, पण तिचं कौतुक संपलं.

एक गोष्ट तेव्हा आम्हाला कुणालाच समजली नाही. पुष्कळशा कोळ्यांच्या तोंडाशी पांढरी गोळी असायची, हरभऱ्याएवढी. मामांना वाटायचं, खाणं धरलंय. मी तर बघतच नव्हते. ती अंडी होती. एक कोळीण नेऊन सोडली की शेकडो पिलं नेऊन सोडली असं होत होतं, आणि तेही नेमकं घायपातात. घायपाताच्या पलीकडे आप्पांची गुलछडी होती.

आप्पा म्हणजे बागाईतदार माणूस. मामांहून वयाने लहान, पण मामांना "अरे" म्हणायचे, आणि मामा त्यांना "तुम्ही". तसे वाईट नव्हते. पाझर आमच्याकडे येतो म्हणून कधी तोंड वाकडं केलं नाही. त्यांची गुलछडी पुण्याला जायची, आणि ती उजाडायच्या आत तोडायला लागते. बायका अंधुक उजेडात ताटव्यात हात घालायच्या. त्या उन्हाळ्यात त्यांच्या हाताला कोळी लागायला लागले. मग एका बाईच्या मानेवर फोड उठले. दुसऱ्या दिवशी तोडायला निम्म्या बायका आल्या, तिसऱ्या दिवशी कुणीच नाही. ऐन लग्नसराईत फुलं झाडावर सुकायला लागली.

आणि त्याच आठवड्यात आमच्या तळ्यात कळी दिसली.

मामांनी मला हाक मारली तेव्हा मला वाटलं, पडले. धावत गेले तर ते काठावर उकिडवे बसलेले. बोलता येत नव्हतं, म्हणून नुसतं बोट दाखवत होते. दोन पानांच्या मध्ये, पाण्याच्या वर वीतभर, हिरवट गुलाबी कळी उभी होती. घट्ट मिटलेली. पौर्णिमेला आठवडा होता. आत्या पण आल्या, आणि कधी नव्हे ते म्हणाल्या, "तळ्यात आलं की हो." मामा त्यांच्याकडे बघून लहान मुलासारखे हसले. तो दिवस मला आठवतो तो एवढ्यासाठी, की त्यानंतर तसे हसलेले मी त्यांना पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पा आले. परसाच्या दारात उभे राहिले. आधी कळी बघितली, चांगली आली म्हणाले, आणि मग विषयावर आले.

"अरे, तू कोळी आणून माझ्या बांधावर सोडतोस, हे खरं का?"

"व्हय. जीव हायेत, आप्पा. मारायचं न्हाई म्हनून."

"तुझं व्हतंय पुण्य आन् माझ्या बायका येईनात. गडी लावून मी घायपात फवारून घेतो. पर तुझ्या काठाला बी मारायला लागंल. न्हाईतर तिथलं फिरून हिकडं येत्यात."

"पुनव हू द्या, आप्पा. आठ दिस दम धरा."

"फुलं आठ दिस दम धरत्यात व्हय? हे बघ, फवारून दे. न्हाईतर मी बांधाच्या अंगानं चर खनतो आन् पाझर माझ्या हिरीत वळवून घेतो. पानी माझ्या बांधाखालनंच येतंय. उद्या सांग."

दमदाटी नव्हती त्यांच्या बोलण्यात. हिशोबी माणूस हिशोबाने बोलला. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही हे त्यांना माहीत होतं, आणि नाक कुठे आहे तेही.

मामा दुपारभर लिंबाखाली बसून होते. जेवले नाहीत. इकडे आड तिकडे विहीर. पाझर तुटला तर वैशाखाच्या उन्हात तळं चार दिवसांत तळाला जाणार आणि कळी उमलायच्या आधी मान टाकणार. फवारू द्यावं तर ज्याच्यापुढे फूल ठेवायचं, त्याचंच पहिलं सांगणं मोडायचं. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "पोरी, तू काय करशील?"

"मला काय विचारता? मारा म्हणा. कोळीच आहेत."

मी आजही तेच सांगेन. गाडगं मी उचलत होते, ते नव्हते. आणि हा माणूस पुढचा उन्हाळा बघेल का, हे त्यांच्या छातीचा आवाज ऐकून मला रोज कळत होतं. मामांनी तांब्या घेतला आणि न पिताच खाली ठेवला. मग म्हणाले, "आजवर माझ्या सांगन्यावरनं मुंगी मेली न्हाई." थोड्या वेळाने म्हणाले, "जा. आप्पाला सांग, मारा म्हनावं. काठावरच मारा, पान्यात थेंब नको."

मी गेले आणि सांगितलं.

सकाळी आप्पांचा गडी पाठीवर पंप घेऊन आला. एंड्रीन होतं, किडीवरचं जहाल विष. एंड्रीन काय करतं हे खेड्यात कुणाला सांगावं लागत नव्हतं. मामांनी आदल्या संध्याकाळीच गोणपाटं ओली करून काठाच्या आतल्या बाजूने मेढ्यांवर ताणली होती, पाण्यावर उडू नये म्हणून. गड्याला त्यांनी दहादा बजावलं. गडी पण भला होता. हळू, बेताने, नळी खाली धरून मारत गेला. दगडांच्या फटीतून कोळी निघायचे, चार पावलं जायचे, पाय पोटाशी आवळून उलटे व्हायचे. मामा शेजारी उभे होते. मी म्हटलं, घरात चला, वास बाधेल. ते म्हणाले, "न्हाई. मारा म्हनून सांगितलंय तर बघायला बी पायजे."

काठ झाला. घायपात झालं. पाण्यात थेंबसुद्धा उडाला नाही. मामा गोणपाटं काढायला लागले, मी मेलेले कोळी खराट्याने गोळा करायला लागले. खराट्याखाली एक पांढरी गोळी फुटली, तेव्हा मला कळलं, ती अंडी होती. आणि गडी काम संपलं म्हणून पंप पाठीवरून काढून, टोपण उघडून, तळ्याशी बसला आणि पंप धुतला. कुणीही धुतो तसा. समोर पाणी दिसलं, पंप बुडवला, आत खळबळवला, ओतला, पुन्हा बुडवला. रोज कुठल्याशा डबक्यात धुवायचा तसाच. मी ओरडले तेव्हा त्याचं धुऊन झालं होतं. तो माझ्याकडे बघत राहिला. काय चुकलं हे त्याला खरोखर कळलं नव्हतं. पाण्यात फवारू नको असं त्याला सांगितलं होतं. पंप कुठे धुवायचा हे कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारपर्यंत गप्पी मासे पांढरी पोटं वर करून तरंगायला लागले. मग बेडूक. कळी मात्र तशीच उभी होती, अगदी ताजी, उलट थोडी वर आलेली. मला तिचा राग आला. आत्या म्हणाल्या, झाडाला काय होत नसेल, राहू दे, पाचच दिवस तर आहेत. मामांनी तळ्याच्या वाटेवर बाभळीची काटेरी झापं टाकली, म्हणजे कुणी पाण्याकडे जाऊ नये. माणसाला काटे कळतात. संध्याकाळी वस्तीतल्या एका म्हातारीची शेळी झापांच्या खालून घुसली आणि पाणी प्यायली. तळ्यापासून घरापर्यंतसुद्धा पोचली नाही.

म्हातारीने आरडाओरडा केला नाही. शेळीजवळ बसून राहिली. आत्यांनी आमच्या शेळीचं करडू नेऊन तिच्या दारात बांधलं. मग माणसं आली, आणि त्यांनी मामांना हात जोडून सांगितलं, "मामा, पोरंबाळं हायेत. उपसा." मामा म्हणाले, "सांगायची गरज न्हाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही तळं उपसलं. खाली पडीत खड्डा खणून त्यात पाणी ओतलं आणि वरून माती लोटली. वस्तीतली पाच-सहा माणसं मदतीला होती. मामांना कुणी बादली उचलू देईना, म्हणून ते काठावर बसून प्रत्येक बादली डोळ्यांनी मोजत होते. पाणी खाली गेलं तशी पानं चिखलावर टेकली. मग कळीचा देठ वाकला. पाण्याच्या आधाराने उभा होता तो. कळी चिखलावर आडवी झाली. कालव्याची पाळी आदल्याच दिवशी बंद झाली होती, पाझर आटत आला होता. मी आणि आत्यांनी हापशावरून घागरी आणून मुळाशी ओतल्या. चिखल पाणी पीत होता आणि वरून ऊन. हापशावर बायका रांगेत उभ्या होत्या. तिसऱ्या खेपेला मलाच लाज वाटली. प्यायचं पाणी होतं ते.

दोन दिवसांत पानांचे पापड झाले. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी मामांना म्हणाले, "कळी कापून तांब्यात ठेवते. मिटलेली तर मिटलेली. तेवढीच ठेवू मूर्तीपुढे."

"नको," मामा म्हणाले. "तिच्यापायी लय जीव गेलं. ती न्हाई ठिवायची."

मी रागाने म्हणाले, "मग एवढं केलं कशाला?" मला तेव्हाच रडू आलं, कळीसाठी नाही, त्यांच्यासाठी. ह्या माणसाने जन्मात एक हट्ट केला होता.

पौर्णिमेच्या सकाळी आप्पांच्या गड्याने गुलछडीचा भारा आणून दिला. आप्पांनी पाठवला म्हणे, पुनव आहे म्हणून. बायका पुन्हा तोडायला यायला लागल्या होत्या. फुलं सुंदर होती, पांढरीशुभ्र, घरभर वास सुटला. आत्या म्हणाल्या, फेकून देते. मामा म्हणाले, "त्यानं मनापास्नं धाडलंय. फुलांनी काय केलं?" त्यांनी पांढरी टोपी घातली, भारा खांद्यावर घेतला आणि समाजमंदिराकडे निघाले. वाटेत दोनदा थांबले. मी घेते म्हटलं तर दिला नाही.

खोली भरली होती. मेणबत्त्या लावल्या, मूर्तीपुढे गुलछडी ठेवली. मामा पुढे बसले आणि सगळे मागे. ते एक ओळ म्हणायचे, मग सगळ्यांनी ती म्हणायची, असं नेहमीचं. शरण जाण्याच्या ओळी झाल्या. आवाज फाटका होता, पण नीट होता. मग शीलं सुरू व्हायची वेळ आली. पाच शीलं, पहिलं जीव न घेण्याचं.

मामा गप्प झाले.

लोकांना वाटलं, दम लागला. कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. मामांनी तो घेतला नाही. हात जोडलेले तसेच, डोळे मूर्तीवर, ओठ मिटलेले. मी आणि आत्या शेजारी शेजारी होतो. आत्यांनी माझं मनगट धरलं. खोलीत सगळे वाट बघत राहिले, एक बाळ रडत होतं तेवढाच आवाज. मग मामांनी श्वास घेतला आणि दुसरं शील म्हटलं, न दिलेलं न घेण्याचं. मागून सगळ्यांनी ते म्हटलं. तिसरं, चौथं, पाचवं नीट झालं. बाहेर पडल्यावर लोक म्हणाले, मामांची तब्येत उतरली. आम्ही व्हय म्हणालो.

पावसाळ्यात चारीला पाणी आलं, पाझर सुटला, तळं भरलं. पान आलं नाही. मामांनी काठी घालून बघितलं, मग मला उतरायला लावलं. कांदा माझ्या हाताला लागला तो दाबला की फुटत होता. मी तो बाहेर काढून दाखवला. त्यांनी बघितला आणि मान हलवली.

श्रावण सरता सरता एका सकाळी धुण्याच्या दगडावर कोळी दिसला. मोठा, तसाच, पुढचे दोन पाय पाण्यावर टेकवलेले, तोंडाशी पांढरी गोळी. कुठून आला देव जाणे. मी सवयीने घरात जाऊन गाडगं आणि सुपाचा तुकडा घेऊन आले.

"ठिव ते खाली," मामा म्हणाले. दगडाजवळ अनवाणी बसले होते.

"अंडी आहेत तिच्याजवळ. शंभर होतील."

"हू देत. आता हितं कोन येतंय भ्यायला?"

कोळीण दगडावरून उतरली. मामांच्या पावलावर चढली, बोटांवरून हळूहळू पलीकडे गेली आणि काठाच्या फटीत शिरली. मामांनी पाय हलवला नाही. माझ्या अंगावर नेहमीसारखा काटा आला. ते खाली बघत म्हणाले, "हिचं समदं गोत मी मारलं. आन् ही माझ्याच पायावरनं चालली."

मी गाडगं घरात नेऊन ठेवलं. ते पुन्हा परसात गेलं नाही.

त्यानंतर दर महिन्याच्या पौर्णिमेला वंदना मामांनीच सांगितली. दर वेळी पहिल्या शीलाशी ते थांबायचे. जोडलेले हात, मिटलेले ओठ, आणि मग दुसऱ्यापासून पुढे. सुरुवातीला लोक चुळबुळायचे. मग कुणी चुळबुळेना. म्हातारं माणूस आहे, तिथं त्यांना दम लागतो, अशी सगळ्यांनी समजूत करून घेतली, आणि वस्तीला तिथं थांबायची सवय लागली.

थंडी पडली तसा मामांचा दमा वाढत गेला आणि ते गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाला वंदना सांगायला दौंडहून एक गृहस्थ आले होते. आमच्या परसातच सगळे बसले होते, तळ्याकडे पाठ करून. त्या गृहस्थांचा आवाज खणखणीत होता. शरण जाण्याच्या ओळी झाल्या. मग त्यांनी पहिलं शील मोठ्याने म्हटलं आणि मागून आवाज येण्याची वाट बघत थांबले.

मागून कुणीच बोललं नाही. सगळी वस्ती हात जोडून गप्प बसली होती, मामा दुसऱ्यापासून सुरू करतील म्हणून.